तिसऱ्या बाकावर राखलेली जागा

आमचे भावजी पाद्री होते आणि कॅथीड्रलचा ऑर्गनही तेच वाजवायचे. ही दोन कामं एका माणसाकडे देऊ नयेत असं माझं पहिल्यापासून मत आहे. पण मी पडले शाळेतली शिवणाची बाई, त्यात त्यांच्या बायकोची धाकटी बहीण. माझं मत विचारतो कोण?

अँग्लिकन पंथात पाद्र्यांना लग्न करायची मोकळीक आहे. ती नसती तर ताई सुटली असती, असं मी तिच्या तोंडावर म्हणायचे आणि ती हातात असेल ते माझ्या अंगावर फेकायची. बहुतेक वेळा हातात फडकंच असायचं, त्यामुळे कधी लागलं नाही.

कॅथीड्रल म्हटलं की लोकांना काहीतरी भव्य वाटतं. आमचं आपलं नावालाच मोठं. बिशपची खुर्ची तिथं ठेवलेली म्हणून त्याला कॅथीड्रल म्हणायचं. एरवी छपराला ओल, आणि मोठ्या दाराला खांद्याचा रेटा दिल्याशिवाय कडी लागायची नाही. ऑर्गन मात्र अस्सल होता. दाराच्या वर लाकडी सज्जा, त्यावर छताला टेकलेल्या नळ्या, बोटांसाठी पट्ट्यांचे दोन थर, पायांनी दाबायच्या पट्ट्या वेगळ्या, आणि दोन्ही बाजूंना आवाज बदलायला ओढायच्या खुंट्या. वाजवणारा वेदीकडे पाठ करून बसतो. खाली काय चाललंय ते कळावं म्हणून त्याच्या डोळ्यांसमोर एक आरसा टांगलेला असतो, गाडीत चालकासमोर असतो तसा, फक्त मोठा.

भावजींचे वडील त्याच चर्चचे रखवालदार. मागच्या दोन खोल्यांत त्यांचं बिऱ्हाड. तेव्हा ऑर्गनला हवा भरायला मोटर नव्हती, हातानं भाता मारावा लागे, आणि ते काम आपसूक रखवालदाराच्या मुलाकडे आलं. भाता मारून मारून त्यांना सगळी गीतं पाठ झाली. वाजवणाऱ्या म्हातारबुवांनी मग त्यांना शिकवायला घेतलं. पुढे भावजी पाद्री झाले ते आईला शब्द दिला होता म्हणून, आणि वाजवत राहिले ते स्वतःला आवडायचं म्हणून. त्यामुळे जन्मभर त्यांची अशी समजूत की पाद्रीपण हे काम आणि ऑर्गन ही चैन. चैन करणाऱ्यानं वर तोंड करून सुट्टी कशी मागायची?

म्हातारबुवा गेले तेव्हा ताईच्या लग्नाला जेमतेम वर्ष झालं होतं. बिशप म्हणाले, "तुम्हाला येतंच आहे, तर तात्पुरतं सांभाळा." ते बिशप निवृत्त झाले, त्यांच्यानंतरचे वारले, त्यांच्यानंतरचे बदलून गेले. तात्पुरतं काही संपलं नाही.

रविवारची उपासना म्हणजे भावजींची कसरत असायची. पहिलं गीत वर बसून वाजवायचं, मग गोल जिन्यानं खाली येऊन वाचन आणि प्रवचन, मग पुन्हा वर. वेदीपाशी बाकीचं सगळं डीन, म्हणजे कॅथीड्रलचे मुख्य पाद्री, सांभाळायचे. पायपट्ट्या नीट कळाव्यात म्हणून भावजी पातळ तळाचे काळे बूट घालायचे, आणि त्यांची टकटक सबंध चर्चला ऐकू यायची. गायकवृंदानं त्यांचं नाव ठेवलं होतं 'वरखाली'. एकदा झगा पायात येऊन ते शेवटच्या पायऱ्या बसूनच उतरले. तेव्हापासून त्यांचे सगळे झगे मी चार बोटं आखूड करून द्यायचे. त्यांची प्रवचनं छोटी असायची, कारण अर्धा श्वास जिन्यातच गेलेला असायचा. ऐकणाऱ्यांची त्याबद्दल काही तक्रार नव्हती.

आणि ताई तिसऱ्या बाकावर.

डाव्या हाताचा तिसरा बाक, त्यावर वाटेकडची जागा रिकामी, तिच्या शेजारी ताई. रिकाम्या जागेवर ती आपली पर्स ठेवायची, बाकाला छत्री टेकवायची आणि वर गीतांचं पुस्तक. कुणी नवखं माणूस बसायला आलं की ताई हसून म्हणायची, "इथं माझे यजमान बसतात." नवखं माणूस पुढे सरकायचं. जुनी मंडळी खाली बघून हसायची, कारण यजमान तिथं एकदाही बसलेले कुणी पाहिले नव्हते.

"अगं, लोक वेडी म्हणतील तुला," मी म्हणायचे.

"म्हणू देत. एक रविवार शेजारी बसायचं कबूल केलंय त्यांनी. एका पुस्तकात बघून गायचं. बाकी काही मागितलंय का मी त्यांच्याकडे?"

खरंच नव्हतं मागितलं. लग्नाआधी ती गायकवृंदात होती, आवाज चांगला होता. मुलगा झाला तेव्हा सोडलं. त्याला तिनं एकटीनं त्या बाकावर मांडीवर घेऊन, दटावून, खडीसाखर चारून मोठं केलं. तो दूर नोकरीला गेला. मग ती, पर्स आणि छत्री. इतर बायकांचे नवरे पेंगायचे, खोकायचे, प्रवचनात घड्याळ बघायचे, आणि ताई त्यांच्याकडे बघत बसायची. तिला तसला एक शेजारी हवा होता.

या विषयावर त्यांचं कडाक्याचं भांडण मी एकदाच ऐकलं. रविवारी दुपारी जेवताना. कॅथीड्रलमागच्या त्याच दोन खोल्या, आता एक वाढवलेली. टेबल एका पायानं डुगडुगायचं, त्याखाली कागदाची घडी.

"नवा माणूस मिळाला की बसेन म्हटलंय ना," भावजी म्हणाले.

"मिळत नाही म्हणे! आपण मेल्याशिवाय स्वर्ग दिसत नाही. कधी गेलात शोधायला?"

"बिशपना सांगून ठेवलंय."

"बिशपना काय, फुकटात दोन माणसं मिळतायत!"

भावजी खालच्या आवाजात म्हणाले, "मी आरसा वाकडा लावलाय."

"म्हणजे?"

"वेदी पूर्ण दिसायला हवी तसा नाही लावला. थोडा वळवलाय. एका कोपऱ्यात तू दिसतेस. दर रविवारी मी तुझ्याकडेच बघत असतो."

मला वाटलं, आता ही विरघळणार. पण ताई म्हणाली, "तुम्हाला मी दिसते हो. मला काय दिसतं? मान वळवली तर सज्जात एक पाठ." आणि तिनं त्यांना आणखी वाढलं.

त्यानंतर भावजी खरोखरच हलले. संगीत शिकणारी एक मुलगी आली. ओल धरली की ऑर्गनची एक नळी आपोआप सुरू व्हायची आणि पट्टी सोडली तरी बोंबलत राहायची. पहिल्याच दिवशी ती सुरू झाली, आणि पोरगी जी गेली ती गेली. एक बँकेतला माणूस आला. त्याला हातांचं येत होतं, पायांचं नाही. एकीकडे बघावं तर दुसरीकडे चुके. त्यानं महिनाभर घाम गाळला आणि हात टेकले. असं ते भिजत घोंगडं वर्षानुवर्षं पडलं. शेवटी एक निवृत्त संगीतशिक्षक कबूल झाले. पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारपासून येतो म्हणाले.

ताईनं मला फोन केला. आवाजात लग्न ठरल्याचा आनंद.

"काय घालू गं?"

"त्यांच्या शेजारी बसायला? गोणपाट घाल. त्यांना कळणार आहे का!"

तिनं मला निळ्या कापडाचा ब्लाउज शिवायला सांगितला. मी कापून ठेवला होता.

पहिला रविवार यायच्या आधीचा रविवार. मी माझ्या गावी होते, इथून बसनं दोन तासांवर. जे झालं ते मला चौघांकडून कळलं आणि चौघांनी सारखंच सांगितलं.

आमच्यात पवित्र सहभागितेच्या वेळी लोक वेदीपाशी जातात, भाकर आणि द्राक्षारस घेतात, परत येऊन बाकावर बसतात आणि पुढच्या बाकाच्या पाठीवर कपाळ टेकून प्रार्थना करतात. तेवढा वेळ ऑर्गन हळू वाजत असतो. वाजवणारा आरशात बघत राहतो. सगळ्यांची डोकी वर झाली की तो सूर आवरता घेतो आणि डीन पुढचं सुरू करतात. प्रार्थना करणाऱ्याला कुणी हात लावत नाही, हाक मारत नाही. हे कुणी शिकवत नाही, लहानपणापासून अंगातच असतं.

ताई वेदीवरून परत आली. बसली. कपाळ टेकलं.

एकेक करत सगळ्यांची डोकी वर झाली. ताईचं झालं नाही. वर सज्जात भावजींनी आरशाच्या कोपऱ्यात ते पाहिलं. त्यांनी शेवटच्या दोन ओळी पुन्हा घेतल्या. तरी तिचं डोकं खालीच. त्यांनी एक खुंटी आत ढकलली, आवाज आणखी मऊ केला, आणि पुन्हा वाजवलं. मग पुन्हा. डीन हात जोडून थांबले. लोक थांबले. कुणालाच घाई नव्हती, कारण त्या दिवशी ऑर्गन फार सुंदर वाजत होता. वेदीवरची फुलं सजवणाऱ्या बाई ताईच्या मागच्याच बाकावर होत्या. त्या मला म्हणाल्या, "मी डोळे मिटून ऐकत होते हो. असं वाजवलेलं कधी ऐकलं नव्हतं." सांगताना त्यांनी माझा हात घट्ट धरला होता.

मग बाकाला टेकवलेली छत्री घसरली आणि फरशीवर आपटली. ताईनं ती उचलली नाही. इतकी वर्षं त्या जागेवर कुणाची सावली पडली तरी जी मान वर करायची, तिनं मान वर केली नाही. तेव्हा फुलंवाल्या बाईंनी तिच्या खांद्याला हात लावला.

मी पोचले तेव्हा ती दवाखान्यात होती, नळ्या लावलेली. मेंदूत रक्त साचलं होतं. भावजी बाहेरच्या बाकड्यावर, अंगात झगा, पायात तेच पातळ बूट. मला पाहून ते उठले नाहीत.

"मला वाटलं ती प्रार्थना करतेय," ते म्हणाले.

मी त्यांच्या शेजारी बसले.

"मी तिला बघत होतो. सगळा वेळ बघत होतो. मला वाटलं, आज पुष्कळ मागायचं असेल तिला, तर मागू दे. म्हणून थांबवलं नाही."

मला त्यांचा राग आला. अजूनही येतो, खोटं कशाला बोलू? पण तो राग ठेवायचा कुठं? त्यांनी तिच्यासाठी वाजवलं होतं. जन्मात पहिल्यांदा फक्त तिच्यासाठी. एखादा माणूस वाईट वागला तर त्याला चार शब्द सुनावता येतात. इथं तेही नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

मी डॉक्टरांना गाठून विचारलं, "जरा आधी आणलं असतं तर?" डॉक्टर म्हणाले, "सांगता येत नाही." त्यांना सरळ 'नाही' म्हणता आलं असतं. खोटं का होईना. भावजी माझ्या मागेच उभे होते.

ताई तीन दिवसांनी गेली. भाचा पोचला तेव्हा ती होती, पण तिनं त्याला ओळखलं की नाही कळलं नाही. निळा ब्लाउज मी दवाखान्याच्या वेटिंग हॉलमध्ये हातानं शिवून पुरा केला, आणि तोच तिला घातला.

दफनविधीच्या आदल्या दिवशी ते निवृत्त शिक्षक येऊन गेले. भले माणूस. कॅथीड्रलमध्ये आले, जिन्याच्या तोंडाशी उभे राहिले, वर पाहिलं, चार पायऱ्या चढले आणि तिथंच कठडा धरून थांबले. गुडघे ऐकेनात. "मला कुणी जिन्याचं बोललं नाही," असं म्हणाले आणि रडकुंडीला आले. कुणी बोललं नव्हतं हे खरं. भावजींच्या ते डोक्यातच आलं नव्हतं, ते त्या जिन्यावर लहानाचे मोठे झालेले. म्हणजे पुढच्या रविवारीसुद्धा ताईच्या शेजारी पर्सच असती. हे माझ्या लक्षात आलं आणि मी मागच्या अंगणात जाऊन एकटीच मोठ्यानं हसले. मग रडले.

तेव्हा दफनविधीला वाजवायला कोण? भावजीच. बिशप म्हणाले, "आज ऑर्गन नको, नुसतं गाऊ." भावजी म्हणाले, "तिला गाणं आवडायचं, सूर सोडून गायलेलं नाही." आणि टकटक करत वर गेले. ताई खाली पेटीत, ते वर पाठ करून. पहिल्या बाकावर भाचा आणि मी. शेवटच्या वेळीही तेच.

त्यानंतर मी दर शनिवारी यायला लागले. दोन दिवसांचं रांधून ठेवायचं, कपडे बघायचे, सोमवारी सकाळच्या बसनं परत. रविवारी मी मागे कुठंतरी बसायचे. एकदा जेवताना भावजी म्हणाले, "तू तिच्या जागी बसशील का?"

"का?"

"आरशात ती जागा रिकामी दिसते. हात चुकतात माझे."

"मग आरसा सरळ करा. मी काय शोभेची बाहुली आहे?"

"करून बघितला सरळ," ते म्हणाले. "नाही जमलं."

मग बसायला लागले. तिसरा बाक, आतली जागा. वाटेकडच्या जागेवर माझी पिशवी आपोआप गेली. पहिल्या दिवशी ते माझ्या ध्यानातही आलं नाही. एक नवखं जोडपं आलं, त्यातल्या बाईनं विचारलं, "इथं कुणी बसतं का?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "हो."

असे काही महिने गेले. मी प्रार्थनेत फारशी रमणारी नाही. वेदीवरून आले की कपाळ टेकल्यासारखं करायचं, शिजत ठेवलेल्याचा विचार करायचा, की वर. त्या रविवारी मात्र आदल्या दिवशी कपाट आवरताना मला ताईच्या शिवणाच्या डब्यात निळ्या कापडाचा तुकडा सापडला होता. माप द्यायला आली होती तेव्हा नमुन्यासाठी मीच कापून दिलेला. तो माझ्या मनातून जात नव्हता. मी बाकाच्या पाठीवर कपाळ टेकलं आणि पहिल्यांदाच खरं काहीतरी मागायला लागले. काय ते सांगत नाही. डोकी वर होत होती, ते कानांना कळत होतं, बाक करकरत होते. मला वर बघवेना.

ऑर्गन थांबला.

ओळीच्या मध्येच. कुठलाही वाजवणारा असा थांबत नाही, आवरता घेतो. हा कापल्यासारखा थांबला. सगळ्या चर्चमध्ये चिडीचूप, आणि मग जिन्यावर ती टकटक. नेहमीची नाही, कुणीतरी पडता पडता धावत येतंय अशी. मी डोकं वर केलं तेव्हा भावजी मधल्या वाटेनं पळत येत होते. साठीच्या पुढचा माणूस, चार बोटं आखूड झगा दोन्ही हातांनी वर धरलेला. ते बाकापाशी आले आणि त्यांनी माझा खांदा धरून मला गदागदा हलवलं.

"काय झालं? काय होतंय तुला?"

"काही नाही, भावजी." मी म्हणाले. "प्रार्थना करत होते."

"खरं?"

"खरं. नुसती प्रार्थना."

ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. श्वास लागला होता, ओठ हलत होते. सगळी माणसं आमच्याकडे बघत होती आणि कुणी जागचं हललं नाही. काय करावं हे कुणालाच कळत नव्हतं, मला तर मुळीच नाही.

"मला तेव्हाही असंच वाटलं होतं," ते म्हणाले.

वेदीपाशी डीननी हात जोडले आणि ते थांबून राहिले. भावजींनी एकदा मागे वळून सज्जाकडे पाहिलं. जिना चढायची ताकद त्यांच्यात राहिली नव्हती, किंवा मन नव्हतं. त्यांनी वाटेकडच्या जागेवरची माझी पिशवी उचलली, बसले, आणि पिशवी दोन्ही हातांनी मांडीवर धरून ठेवली.

"जरा सरक," ते मला म्हणाले.

मी सरकले. आमच्या दोघांच्या मध्ये ताईपुरती जागा झाली.